पंचावन्नच्या खाली

"बाई, मुलींच्या संडासात मुंग्या झाल्यात. लई. पानी मारलं की जात्यात, दुपारपत्तुर पुन्हा रांग."

हौसामावशी झाडू हातात घेऊन माझ्या वर्गाच्या दारात उभ्या होत्या. डिसेंबरातला शनिवार, सकाळची शाळा. कवायत नुकतीच संपली होती आणि मी वजनकाट्यासमोर चौदा मुलं रांगेत उभी करून घसा फोडत होते. शाळा झाडणाऱ्या बाईला बोलायला नेमकी हीच वेळ सापडायची.

"फिनेल टाका ना मावशी."

"टाकलं की. कोपऱ्यातल्या एकाच संडासात हायत. बाकीच्यात औषधाला न्हाई. आमच्या घरी बी एकदा असंच…"

"मावशी, गोष्ट नंतर." मी कपाट उघडून मुंग्यांचा खडू काढला आणि त्यांच्या हातावर ठेवला. "उंबऱ्यावर जाड रेघ ओढा. पुन्हा म्हणून येणार नाहीत."

त्यांनी खडूकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि त्या गेल्या. मी दुसरा खडू उचलला, गुलाबी रंगाचा, आणि व्हरांड्यातल्या फळ्याकडे वळले. त्या फळ्याचा मला तेव्हा फार अभिमान होता.

पुण्याच्या पूर्वेकडच्या वस्तीतली आमची महापालिकेची शाळा. मी नोकरीला लागले तेव्हा तिथल्या मुलांच्या बरगड्या सदऱ्यावरून दिसायच्या. आरोग्य तपासणीच्या रजिस्टरात 'कमी वजन' एवढाच रकाना छापलेला असायचा, आणि एखाद्या पोराचं वजन दोन किलोंनी वाढलं की स्टाफरूममध्ये आम्ही बाया घरी लग्न ठरल्यासारख्या खूश व्हायचो. मग केव्हातरी वारं फिरलं, आमच्या लक्षातही आलं नाही. मैदानाच्या अर्ध्या भागात पाण्याची टाकी उभी राहिली, उरलेल्या अर्ध्यात वॉर्ड ऑफिसच्या गाड्या लागायला लागल्या. वस्तीतल्या आया सकाळी सातला पॅकिंगच्या शिफ्टला जायच्या. पोराला डबा करून द्यायला सवड कुणाला? हातावर नाणं ठेवायच्या, आणि शाळेच्या गेटबाहेर रंगीत पुड्यांच्या माळा लटकलेल्याच असायच्या. पोरं सकाळी पुडी खायची, दुपारी शाळेतली खिचडी, संध्याकाळी पुन्हा पुडी आणि वडापाव. बसून टीव्ही बघायची. अंग भरत गेलं. त्या वर्षी दिवाळीनंतर डॉक्टर तपासून गेले, तर पाचवी ते सातवीत चौदा मुलं भलत्याच वजनाची निघाली. रजिस्टरात त्यांच्यासाठी रकानाच नव्हता. मी पट्टी घेऊन पेनानं आखला आणि वर लिहिलं, 'जास्त वजन'.

पाठोपाठ परिपत्रक आलं. वजन नियंत्रण उपक्रम राबवून फेब्रुवारीत अहवाल द्यावा.

"कुलथेबाई, हे तुम्हीच घ्या," मुख्याध्यापक नेवसेसर म्हणाले. "तुमच्या आवाजानंच दोन-दोन किलो उतरतील."

मी घेतलं. मला कामाची हौस होती, आणि खरं सांगायचं तर कौतुकाचीही होती. दर शनिवारी कवायतीनंतर वजन करायचं आणि व्हरांड्यातल्या फळ्यावर सगळ्या शाळेला दिसेल असं मांडायचं, ही युक्ती माझीच. ज्याचं कमी झालं त्याचं नाव गुलाबी खडूनं, सगळ्यांत वर. ज्याचं वाढलं त्याचं खाली, पांढऱ्यानं. पांढऱ्या खडूतली मुलं फळ्यासमोरून जाताना मान वळवून जायची. मला वाटायचं, लाज वाटली की सुधारतील.

त्या चौदांत सगळ्यांत वजनदार होती सातवीतली मोनाली भिंगारे. वय बारा, वजन एकसष्ट. हसली की गालांत डोळे बुडून जायचे. मुलं तिला 'ढब्बू' म्हणायची आणि ती त्या नावाला ओ द्यायची. तिला वेड होतं ते लेझीमचं. सव्वीस जानेवारीला वॉर्डाच्या मैदानावर आमच्या शाळेचं चोवीस मुलींचं पथक उतरायचं. ते बसवायचेही मीच. मधल्या सुट्टीनंतर सराव चालायचा तेव्हा मोनाली व्हरांड्यात खांबाआड उभी राहून रिकाम्या हातांनी सगळे हात करायची. दोन आवाज, चार आवाज, आठ आवाज. पथकातल्या मुली चुकायच्या, ती चुकायची नाही. एवढं अंग, पण पाऊल असं हलकं पडायचं की बघत राहावं.

नोव्हेंबरात एकदा भर वर्गात ती उभी राहिली.

"बाई, मला घ्या ना पथकात. मला सगळे हात येतात."

"येतात गं, पण तुझ्या मापाचा ड्रेस कुठून आणू?"

वर्ग खो खो हसला. तीही हसली. मुलगी खिलाडू आहे, असं वाटून मला बरंही वाटलं. मग मी समजुतीच्या सुरात म्हणाले, "हे बघ, पंचावन्नच्या खाली ये. ज्या शनिवारी काटा पंचावन्नच्या खाली जाईल, त्या शनिवारी लेझीम तुझ्या हातात. सगळ्यांसमोर देईन."

"शप्पत?"

"बाई शप्पत घेत नसतात. बाई सांगतात ते खरं असतं." आणि ती खाली बसताना तिच्या मानेकडे माझं लक्ष गेलं. मळाचा पट्टा बसावा तशी मान काळी झाली होती. "आणि ती मान जरा घासत जा. किती काळी झालीय!"

"घासते बाई. आई दगडानं घासते. जातच नाही."

"रोज घासलं की जातं."

पहिले दोन-तीन शनिवार तिचं वजन ढिम्म हललं नाही. पण डिसेंबर लागला आणि काटा उतरायला लागला. साठ. एकोणसाठ. मग एकदम साडेसत्तावन्न. बाकीची मुलं अर्धा किलो उतरायची आणि पुढच्या शनिवारी पाऊण किलो चढून यायची. मोनालीचं नाव मात्र गुलाबी खडूनं वर बसलं ते बसलंच. नेवसेसरांनी प्रार्थनेच्या वेळी तिला पुढे बोलावून टाळ्या वाजवायला लावल्या. "जिद्द बघा पोरीची," ते म्हणाले. मुलांनी 'ढब्बू' म्हणणं सोडलं.

ती पाणी फार प्यायची. दोन लिटरची कोल्ड्रिंकची रिकामी बाटली भरून आणायची आणि दुसऱ्या तासाला ती संपलेली असायची. मी वर्गाला ती बाटली उचलून दाखवली. "बघा, पुड्या सोडून पाणी प्यायलं की काय होतं ते. शिका जरा हिच्याकडून." तिचा चेहरा फुलला. पाणी प्यायचं म्हणजे जायलाही लागायचं. "बाई, एकीला जाऊ?" हे दर तासाला. एका तासाला दोनदा. एकदा गणित अर्ध्यात असताना तिनं तिसऱ्यांदा बोट वर केलं, तेव्हा मी म्हणाले, "बस की आता, घरच कर तिथं." ती बसली, आणि पाय आवळून तास संपेपर्यंत बसून राहिली.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात तिची आई आली. शालन नाव. शिफ्टवरून तशीच आलेली, डोक्याला बांधलेला रुमाल अजून तसाच. दारातूनच म्हणाली, "बाई, दोन मिनिटं येऊ?"

"या ना. मोनालीचं कौतुकच सांगायचं होतं तुम्हाला."

"ते सांगती घरी. फळ्यावर पयलं नाव हाय म्हनून नाचती." ती जरा घुटमळली. "पन बाई, पोरगी लई वाळायला लागली. मला भ्या वाटतं. रातीची पाच-पाच येळा उठती, घटाघटा पानी पिती. सकाळी उठवलं तर उठवत न्हाई तिला. डाक्टरला दाखवावं म्हनते."

मी हसले. तेव्हाचं माझं हसू मला अजून दिसतं, आणि स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

"अहो, वजन कमी करायचं म्हणजे थोडा थकवा येणारच. पाणी पिते म्हणून उठते. हे तर चांगलंय. आता डॉक्टरकडे नेलं तर तो ताकदीच्या बाटल्या लिहून देणार, की पुन्हा फुगली. एवढं कमावलंय पोरीनं. सव्वीस जानेवारी होऊ द्या, मग दाखवा खुशाल."

"तसं म्हनता?"

"मी बघतेय ना रोज तिला."

"मग बरं हाय." तिचा चेहरा निवळला. "तुमी शिकलेली मानसं. आमाला काय कळतं?"

आमच्या वस्तीत बाईंचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. डॉक्टर काय सांगेल त्यापेक्षा बाई काय म्हणाल्या, ते आया धरून चालायच्या. मला ते ठाऊक होतं, आणि त्याचा मला गर्वही होता. शालन निघाली. जाताना दारात थांबून तिनं विचारलं, "पथकाचा ड्रेस कसला अस्तो बाई?" मी सांगितलं. पांढरी सलवार, हिरवा कुडता, केशरी ओढणी.

चोवीस जानेवारी. परेडच्या आधीचा शेवटचा शनिवार.

मोनाली काट्यावर चढली तेव्हा तिनं डोळे गच्च मिटले होते. काटा थरथरला आणि थांबला. साडेचोपन्न.

"डोळे उघड," मी म्हणाले.

तिनं पाहिलं. "झालं? बाई, झालं?" तिला धाप लागली होती. मला वाटलं आनंदानं. रांगेतल्या मुलांनी टाळ्या पिटल्या. लेझीम मी आधीच खिळ्यावरून काढून टेबलावर आणून ठेवली होती, म्हणजे तेवढा माझा विश्वास होता तिच्यावर. मी ती उचलली, मोनालीजवळ वाकले, आणि मला वास आला. तिच्या तोंडाला पिकलेल्या फळाचा गोडसर, आंबूस वास येत होता.

पेरूचे दिवस होते. गेटबाहेर एक पेरूवाला तिखटमीठ लावून फोडी विकायचा. परेडपर्यंत गेटवरचं काहीही खायचं नाही, असा माझा या चौदाजणांना दम होता.

"काय खाल्लंस?" मी विचारलं.

"काही नाही बाई."

"पेरू खाल्लास ना गेटवर?"

"नाही बाई. आईशप्पत नाही. सकाळपासून काहीच नाही खाल्लं. उलटीसारखं होतंय."

"मोनाली, तोंडाला वास येतोय तुझ्या. मी काय वेडी आहे?"

"नाही खाल्ला बाई." तिचे ओठ कोरडे पडून फुटले होते. श्वास मोठमोठा चालला होता, लांबून धावत आल्यासारखा. डोळे भरले, पण पाणी काही गालावर आलं नाही.

पेरू खाल्ला असता तर खाल्ला असता. पेरूनं काय बिघडणार होतं? पण ती खोटं बोलतेय, ते मला खुपलं. मी तिला वर चढवलं, सगळ्या शाळेपुढं मिरवलं, आणि ही माझ्या तोंडावर खोटं बोलते. मी लेझीम परत टेबलावर ठेवली.

"खोटं बोलणाऱ्या मुलीला पथकात जागा नाही. सोमवारी सकाळी येऊन खरं सांग, मग लेझीम. जा."

ती काट्यावरून उतरली. कुणी टाळ्या वाजवत नव्हतं आता. व्हरांड्यात फळ्याखाली जाऊन बसली. मी पुढचं नाव पुकारलं. त्या मुलाचं वजन लिहीत होते तेव्हा मागून उलटीचा आवाज आला.

मी गेले ते, खरं सांगते, पेरू बघायलाच गेले. फरशीवर नुसतं पाणी पडलं होतं. पेरूची एक बी नव्हती.

"मोनाली?"

ती भिंतीला टेकून माझ्याकडे बघत होती. "बाई, बघा, नव्हता खाल्ला," एवढं म्हणाली आणि कुशीवर कलंडली. मग कितीही हलवलं तरी उठली नाही.

हौसामावशी आणि मी तिला रिक्षात घातलं. मावशींच्या मांडीवर तिचं डोकं. तिच्या श्वासाचा आवाज रिक्षाच्या आवाजावरून ऐकू येत होता.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं बोटातून रक्ताचा थेंब घेतला, यंत्राकडे बघितलं आणि धावाधाव सुरू झाली. थोड्या वेळानं ती बाहेर आली.

"आई कोण?"

"बोलावलंय. मी तिची वर्गशिक्षिका."

"साखर सहाशेच्या वर गेलीय हिची. मधुमेह आहे. रक्तात आम्ल साचलंय, मेंदूवर सूज असावी. महिना-दीड महिना तरी चाललं असणार हे. कुणाच्याच लक्षात नाही आलं?"

"बारा वर्षांची आहे हो ती," मी म्हणाले. "मधुमेह कसा होईल?"

"होतो आता. जाड मुलांमध्ये तर जास्तच दिसायला लागलाय. तिची मान बघितलीत? ती आधीची खूण असते. वजन एकदम उतरलं का?"

"साडेसहा किलो."

"पाणी फार प्यायची? सारखी लघवीला जायची?"

मी मान हलवली.

"तोंडाला फळासारखा वास येतोय, तो कधीपासून?"

मी त्याला पेरू म्हटलं होतं. डॉक्टरीण म्हणाली, "लघवीला मुंग्या लागायच्या का, ते घरच्यांना विचारते."

तेव्हा भिंतीशी उकिडव्या बसलेल्या हौसामावशींनी तोंडाला पदर लावला. "कोपऱ्यातल्या संडासात तीच जायाची," त्या म्हणाल्या. "बाकीच्या पोरी हसत्यात म्हनून. आमच्या मामंजींना असंच झाल्तं बाई. मी सांगाय आल्ते."

त्या सांगायला आल्या होत्या. मी त्यांच्या हातावर खडू ठेवला होता.

मोनाली पुन्हा शुद्धीवर आली नाही. रविवार तसाच गेला. सोमवारी पथक न्यावंच लागेल, वॉर्डाच्या यादीत नाव आहे, असं नेवसेसर म्हणाले आणि मी नेलं. साडेनऊला चोवीस मुलींनी आठ आवाज घेतला, मी शिट्टी वाजवत होते. पथक घेऊन बाहेर आले तेव्हा मैदानाच्या कडेला हौसामावशी उभ्या होत्या. माझ्याकडे बघून त्यांनी नकाराची मान हलवली.

फेब्रुवारीत अहवाल द्यायचा होता. चौदा मुलांची मिळून नऊ किलो घट झाली होती. त्यातली साडेसहा एकट्या मोनालीची. मी तिचं नाव वगळून अहवाल लिहिला, तर उरले अडीच किलो. नेवसेसरांनी कागद परत सरकवला.

"बाई, मला पण वाईट वाटतंय. पण आकडा तर खरा आहे ना?"

आकडा खरा होता. मी पुन्हा लिहिला आणि सही केली. एप्रिलमध्ये शाळेला प्रशस्तिपत्र आलं. मी निवृत्त झाले तेव्हाही ते ऑफिसात भिंतीवर होतं. पुढच्या वर्षीच्या रजिस्टरात 'जास्त वजन' हा रकाना छापूनच आला, आणि त्यात आमची सव्वीस मुलं बसली. फळा मी पुन्हा लिहिला नाही, एवढंच. बाकी गेटवरच्या माळा तशाच, टाकी तशीच, सातची शिफ्ट तशीच.

शालन आली ती मार्चच्या सुरुवातीला. मी भांडणाची तयारी करून बसले होते. तिनं शिव्या द्याव्यात, शाळेत तमाशा करावा, अशी मी जवळजवळ वाटच बघत होते. ती माझ्यासमोर बाकावर बसली आणि पिशवीतून कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. पांढरी सलवार, हिरवा कुडता, केशरी ओढणी. घड्या न मोडलेल्या.

"टेलरकडून आनला व्हता शुक्रवारी. तिला दाखवला न्हवता. म्हनलं, सोमवारी सकाळी घालायला काढू." तिनं कुडता उलगडून हातानं सारखा केला. कंबरेला अरुंद शिवला होता, वाळलेल्या मोनालीच्या मापाचा. "कुना पोरीला व्हईल बाई. पडून ऱ्हान्यापरीस."

मी तो घेतला. बाहेर हौसामावशी व्हरांडा झाडत होत्या, त्यांचा झाडू दाराशी येऊन थांबला.

"बाई, एक इचारू?"

"विचारा."

"त्या शनिवारी किती भरलं व्हतं तिचं?"

"साडेचोपन्न."

"म्हंजी झालं की पंचावन्नच्या खाली." तिच्या तोंडावर क्षणभर हसू आलं, मोनालीचंच. "मग तुमी दिली का तिला लेझीम?"

मी खिळ्याकडे पाहिलं. लेझीम तिथंच लटकत होती. दारातून हौसामावशी माझ्याकडे बघत होत्या.

"हो," मी म्हणाले. "दिली. सगळ्यांसमोर."

शालननं डोळे पुसले. मावशींचा झाडू पुन्हा सुरू झाला.

"बरं झालं बाई," ती म्हणाली. "न्हाईतर जीव अडकला असता पोरीचा त्याच्यात."